भोकं पाडणाऱ्याच्या घरची बंगई

माझं नाव देवराव. मी आयुष्यभर भोकं पाडली. हे असं सरळ सांगायला मला आता काही वाटत नाही, पण लग्नाच्या वेळी वाटत होतं. मुलगी पाहायला मुकुटबनला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "पाव्हणे, खाणीत काय काम करता?" मी म्हणालो, "ड्रिलर आहो." ते म्हणाले, "म्हंजे?" मी म्हणालो, "कोळशात भोकं पाडतो." सासऱ्यांनी चहा मागवला. पुढे लग्नात ते आल्यागेल्याला सांगत होते, "जावई मोठ्या मशीनवर हायेत." मशीन मोठी होती हे खरं. ती मी खांद्यावर वाहायचो, एवढाच त्यात माझा मोठेपणा.

राजूरकडच्या खाणीत, जमिनीच्या पोटात, मी तीस वर्षं हेच काम केलं. कोळसा हा फार सज्जन पदार्थ आहे. दोघांनी मशीन धरायची, मागून पोट लावायचं आणि रेटायचं. सळई जवळजवळ माणसाच्या उंचीची असते. ती पूर्ण आत गेली की भोक झालं. कुठे थांबायचं याचा विचार करावा लागत नाही, कारण सळईच संपते. मग दुसरे लोक येऊन भोकात बारूद भरत, कोणीतरी "हटो, बाहर हो जाव" अशी हाळी देई, आणि आम्ही लांब वळणापलीकडे जाऊन उभे राहत असू. धाडकन आवाज होई आणि इतका वेळ समोर उभा असलेला कोळसा खाली आलेला असे.

म्हणजे पाहा, मी पाडलेल्या प्रत्येक भोकाचा हेतू एकच होता, समोर जे उभं आहे ते आडवं करायचं. काही टांगावं, काही टिकावं म्हणून मी एकही भोक पाडलेलं नव्हतं. हे मला साठ वर्षांचा होईपर्यंत सुचलंही नाही. सुचण्याचं खातं आमच्या घरी सत्यशीलेकडे आहे.

सत्यशीला म्हणजे माझी बायको. आम्ही खाणीच्या कॉलनीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. राहायला गेलो त्या दिवशीच मी तिला बजावलं होतं की भिंतीत खिळा मारायचा नाही, कंपनीची भिंत आहे. हा नियम मला कोणी सांगितला ते आठवत नाही. बहुतेक मीच मला सांगितला असावा. त्यामुळे आमच्या घरात बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर पेटीवर भिंतीला टेकून उभी, आरसा खिडकीत उभा, आणि कॅलेंडर दाराच्या कडीला लटकलेलं. दिवसभर भोकं पाडून येणाऱ्या माणसाच्या घरात साधा एक खिळा नाही, याचं कॉलनीतल्या लोकांना फार हसू येई. निवृत्तीच्या महिन्यात मला कळलं की आजूबाजूच्या सगळ्या क्वार्टरांत भिंतभर खिळे होते. कोणाला कधी काही झालं नाही. निरोपाच्या कार्यक्रमात मित्रांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. देताना ते का हसत होते ते मला घरी आल्यावर समजलं.

निवृत्तीनंतर वणीच्या रस्त्याला एका लेआउटमध्ये आम्ही घर बांधायला काढलं. प्लॉट अर्धा आमचा आणि अर्धा भगवानरावांचा. भगवानराव सोसायटीत सेल्समन होते, आता तेही घरीच असतात. दोन घरांच्या मधली भिंत एकच आणि गच्चीही सामाईक. नकाशा काढायच्या दिवशी इंजिनिअरने सत्यशीलेला विचारलं, "ताई, तुमची काही सूचना?" मला वाटलं, ओटा मोठा पाहिजे म्हणेल. ती म्हणाली, "मले बाकी काई नको. समोरच्या खोलीत बंगई पाह्यजे."

बंगई म्हणजे सागवानी पाटाला साखळ्या लावून छताला टांगलेला झोपाळा. एवढं नवरा-बायकोचं आयुष्य गेलं, पण तिने हे माझ्यापाशी कधी काढलं नव्हतं. रात्री विचारलं तेव्हा म्हणाली, "मुकुटबनले एका घरी होती. आई त्यांच्या वावरात निंदाले जाये. मजुरी घ्याले मी आईसंग जाओ, तं आंगणातून दिसे. आम्ही पायरीच्या खालीच उभं राहो." मग ती कुशीवर वळून झोपली. मला मात्र बराच वेळ झोप आली नाही. राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून मी छताकडे पाहत पडून राहिलो. छताकडे पाहत पडून राहणं ही माझी जुनी सवय आहे.

आता इथून माझी अक्कल दिसायला लागते. बंगई टांगायची तर स्लॅब टाकतानाच त्यात लोखंडी कड्या सोडाव्या लागतात. मिस्त्रीला तेवढं सांगायचं काम माझ्याकडे होतं. स्लॅबच्या दिवशी मी सकाळपासून साइटवर होतो. मिस्त्री आणि मजूर काम करत होते आणि मी त्यांना छत या विषयावर व्याख्यान देत होतो. छत कसं बसतं, कसं येतं म्हणजे कोसळतं, टेकू कुठे द्यावा, खाणीत आम्ही काय करायचो. मजुरांनी फार मन लावून ऐकलं, कारण तेवढा वेळ त्यांना पाटी खाली ठेवता येत होती. कड्यांचं सांगायचं राहून गेलं.

स्लॅबखालच्या फळ्या काढल्या त्या दिवशी सत्यशीला समोरच्या खोलीत आली, वर पाहिलं, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, आणि मजुरांचा चहा ठेवायला निघून गेली. तिने भांडण केलं असतं तर मीही भांडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. ती बोललीच नाही. त्या गुळगुळीत छताखाली मी उभा राहिलो आणि मला माझीच फार लाज वाटली.

आमचा मुलगा धम्मदीप नाशिकला कारखान्यात आहे. नव्या घरात राहायला आल्यावर त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, त्यात काय, ड्रिल मारून टांगता येते. मी मशीन पाठवतो." आठवड्याने खोक्यातून मशीन आली. मी ती हातात घेतली आणि हसलो. एका हातात मावणारी, पोरांच्या खेळण्यासारखी. मी सत्यशीलेला म्हणालो, "ही तं माह्या बोटात बसते." ती म्हणाली, "कागद वाचून घ्या आधी." खोक्यात एक माहितीचं पत्रक होतं. तीस वर्षं ड्रिल चालवलेल्या माणसाने ड्रिलचं पत्रक वाचायचं म्हणजे त्याचा अपमानच. मी ते पत्रक चहाच्या कपाखाली ठेवलं.

एकदम स्लॅबला हात घालण्याआधी सराव म्हणून मी भिंतीवर घड्याळ लावायचं ठरवलं. भिंत विटेची, मधली, चार इंची. मी पाय फाकवून उभा राहिलो, मशीन धरली, मागून पोट लावलं आणि रेटलं. वीट कोळशाहून फार काही कठीण नसते. लाल भुकटी पडायला लागली आणि मला तरुण झाल्यासारखं वाटलं. मी सळई संपायची वाट पाहत होतो. सळई एवढीशीच होती, पण भिंत तिच्याहून आधी संपली.

पलीकडून भगवानरावांचा शांत आवाज आला, "देवराव, तुमची मशीन आमच्या घरी आली ना बापा."

मी धावत त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर होतं आणि माझं ड्रिल नेमकं त्यातून बाहेर आलं होतं. त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई हातात लाटणं घेऊन कॅलेंडरकडे पाहत होत्या. "माही एकादशीच उडवली यायनं," त्या म्हणाल्या. भगवानराव खुर्चीवरून म्हणाले, "उडाली तं उडाली. मंग या पंधरवड्यात उपास नाई ना?" मी भोक बुजवून देतो म्हणालो. पण संध्याकाळपर्यंत त्या भोकातून सत्यशीलेने कढीपत्ता मागितला होता आणि पंचफुलाबाईंनी आज पाणी किती वाजता येणार ते विचारलं होतं. दोघींनी ते बुजवू दिलं नाही. ते भोक आजही आहे. घड्याळ त्याच्या शेजारी लावलं.

रात्री व्हिडिओ कॉलवर धम्मदीपने मला शिकवणी दिली. "बाबा, भिंत संपल्यावर थांबायचं असते."

"ते कसं समजन मले, संपली म्हून?"

"जेवढं खोल पाह्यजे, तेवढ्यावर बिटले, म्हंजे समोरच्या सळईले, टेप लावा. टेप भिंतीपाशी आली का थांबा. अन् पोट नका लावू."

पोट नका लावू. ज्या पोटावर मी संसार चालवला, ते पोट आता कामात आडवं येत होतं. मी टेप लावली. विटेत आणखी दोन भोकं पाडली, ती बरोबर आली. तसबीर भिंतीवर चढली. सत्यशीलेने तिच्यासमोर मेणबत्ती लावली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरी झाली." मी लगेच न्हाणीघराकडे निघालो. शहाणा माणूस त्या 'बरी'वर थांबला असता.

न्हाणीघरात आरसा लावायचा होता आणि तिथे भिंतीला टाइल होती. टाइल सत्यशीलेने वणीच्या चार दुकानांत फिरून निवडली होती, निळ्या फुलांची. धम्मदीपने सांगितलं होतं की टाइलवर मशीनची हातोडी, म्हणजे ठोके देणारं बटण, बंद करायची, जिथे भोक पाहिजे तिथे चिकटपट्टी लावायची, म्हणजे बिट घसरत नाही, आणि टाइल संपेपर्यंत हळू जायचं. यातलं मला 'हळू' तेवढं आठवलं. बिट टाइलवरून घसरलं, फुलाच्या पाकळीवरून फिरत गेलं, आणि मी हळू हातोडी चालवल्याने टाइल हळूच तडकली. तडा झाकायला आरसा थोडा डावीकडे लावावा लागला. आता दाढी करताना मला एकच गाल दिसतो. दुसऱ्या गालाची मी अंदाजाने करतो.

मग लोखंड. वणीच्या वेल्डरकडून मी खाली कडी असलेले दोन लांब बोल्ट आणि दोन जाड पट्ट्या करून आणल्या. बोल्ट स्लॅबमधून आरपार न्यायचा, वर गच्चीवर पट्टीतून काढून नट आवळायचा, म्हणजे वजन सगळ्या स्लॅबवर येतं. ही कल्पना धम्मदीपची. वेल्डर पट्ट्यांना भोकं पाडून देत होता, पण मी म्हणालो, राहू द्या, घरी मशीन आहे. घरी मशीन पूर्ण वेगाने सोडली. लोखंड चमकलं, बिटाचं टोक निळं पडलं, धूर निघाला आणि पट्टीवर एक खळगा झाला. लोखंडाला वेग नको असतो, हळू फिरवायचं आणि तेल सोडत राहायचं. घरात जवसाचं तेल होतं. मी तेच सोडलं. काम झालं, पण अंगणभर जवस तळल्याचा वास सुटला. भोकातून पंचफुलाबाईंनी विचारलं, "काय बनवून राह्यली वं?" सत्यशीला म्हणाली, "मी नाई. हेच बनवून राह्यले. बोल्ट."

लाकूड मात्र जपून करायचं होतं. पाट होता सत्यशीलेच्या माहेरच्या दाराचा. मुकुटबनचं घर पाडून नवं बांधलं तेव्हा सागाचं जुनं दार गोठ्यात पडून होतं. तिने ते भावाकडून मागून आणलं, घासलं, तेल पाजलं. सागात ड्रिल मारताना भुसा आत अडकतो, बिट तापतं आणि लाकूड जळतं, म्हणून मधेमधे बाहेर काढून भुसा झटकावा लागतो. हे मी केलं. पाटाखाली टाकाऊ फळी ठेवावी लागते, नाहीतर बिट बाहेर पडताना खालून ढलपा निघतो. हे मी केलं नाही. चार भोकांपाशी चार ढलपे निघाले. सत्यशीलेने पाट उलटून पाहिला, ढलप्यांवरून हात फिरवला. "खालची बाजू कोण पाहाले येते," ती म्हणाली. पडलेला माणूस पाहील, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी ढलपे गोळा करायला लागलो.

शेवटी स्लॅब. त्या दिवशी मी माझं खाणीतलं जुनं हेल्मेट काढलं आणि डोक्यावर घातलं. भर दुपारी, स्वतःच्या घरात, स्टुलावर हेल्मेट घालून उभा असलेला म्हातारा पाहून गल्लीतले चार लोक दारात गोळा झाले. वर ड्रिल मारताना सगळी भुकटी डोळ्यांत येते, म्हणून कागदी कपाला भोक पाडून तो बिटावर उलटा न घालता सुलटा घालतात, तोंड वर, म्हणजे भुकटी कपात पडते. मी उलटा घातला होता. दोन मिनिटांत माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या. त्या आधीच पांढऱ्या होत्या हे सत्यशीलेने सगळ्यांच्या देखत सांगितलं.

पहिल्या भोकात थोडं आत गेल्यावर आवाज बदलला आणि मशीन हातात झटके द्यायला लागली. स्लॅबमधली सळई लागली होती. तिथे जोर केला तर बिट जातं आणि सळईही दुखावते. मी थांबलो. माझ्या आयुष्यात मी मशीन मधेच थांबवली असं हे पहिल्यांदाच घडलं. खालून भगवानराव म्हणाले, "थकले का?" मी म्हणालो, "नाई. शिकून राह्यलो." दोन बोटं बाजूला सरकून पुन्हा सुरू केलं.

भगवानरावांना मग मी गच्चीवर पाठवलं, भोक वर येतं का ते पाहायला. गच्चीवर पंचफुलाबाईंच्या मिरच्या वाळत होत्या. मी हातोडी सुरू ठेवली, रेटत राहिलो, आणि शेवटी पोटही लावलं, स्टुलावर उभं राहून छताला पोट लावता येत नाही, पण लावलं असं मनात म्हणालो. इथे टेप नव्हती, इथे थांबायचंच नव्हतं. एकदम हाताला हलकं लागलं आणि वरून आवाज आला, "आलं. मिर्चीतून आलं." आरपार जायलाच पाहिजे होतं आणि धूर नाही, ढलपा नाही, नीट आरपार गेलं, अशी माझ्या हातून झालेली ही पहिलीच गोष्ट. मी इतका खूश झालो की सवयीने मोठ्याने हाळी दिली, "हटो, बाहर हो जाव." दारातले चारही लोक पळाले. सत्यशीला पळाली नाही. ती तिथेच उभी राहून पदराने तोंड दाबून हसत होती.

दुसरं भोकही झालं. बोल्ट गेले, वर पट्ट्या बसल्या, नट आवळले, भोकांभोवती पाणी येऊ नये म्हणून सिमेंटचा मसाला भरला, साखळ्या अडकवल्या, पाट टांगला. बंगई तयार झाली. सत्यशीलेने नवं लुगडं नेसलं नव्हतं, पण केस नीट विंचरून आली होती, ते मला दिसलं. ती बसायला पुढे झाली आणि मी म्हणालो, "थांब."

इथे माझी थट्टा थोडी बाजूला ठेवून सांगतो. खाणीत आत शिरताना आधी छत ठोकून पाहायचं असतं. लोखंडी टोकाची काठी असते. चांगलं छत टण्ण वाजतं, सुटलेलं छत भद्द वाजतं. आणि आमच्यात एक रीत होती, ज्याने छत ठोकलं त्यानेच आधी त्याच्या खाली जायचं. दुसऱ्याला आधी पाठवायचं नाही. माझा जोडीदार राजकुमार, छत्तीसगडचा, वयाने मोठा. तो मला काठी देतच नसे. म्हणे, तेरे कान कच्चे हैं. एका पाळीला त्याने ठोकलं, टण्ण वाजलं, तो आत गेला, मग मी गेलो. अर्ध्या तासाने तेच छत आलं. मी त्याला ओढून काढलं. तो वाचला, पण गुडघ्याखाली त्याचा पाय राहिला नाही. तेव्हापासून टण्ण वाजलेल्या छतावरही माझा विश्वास नाही. आणि इथे तर भोकं मी पाडलेली, ज्याच्या भोकांनी आजवर फक्त पडझड केली. त्यांच्यावर सत्यशीला बसणार होती. मला भीती वाटत होती, आणि ती भीती मी शास्त्र म्हणून खपवत होतो.

"आधी वजन देऊन पाहू," मी म्हणालो आणि बंगईवर गव्हाचं पोतं ठेवलं. दुसऱ्या दिवशी तुरीचं पोतं ठेवलं. मग दोन्ही. दोन्ही पोती मी झोका देऊन पाहिली. मी रोज सकाळी गच्चीवर जाऊन नट पाहायचो, खाली येऊन काठीने छत ठोकायचो, आणि म्हणायचो, "अजून दोन दिवस." मग म्हणायचो, मसाला वाळू दे. मग म्हणायचो, साखळी नवी आहे, ताणू दे. पंधरवडाभर आमच्या समोरच्या खोलीत तूर झोके घेत होती. भगवानराव दारातून पाहून म्हणाले, "तुरीचं नशीब पाहा." एकदा ते स्वतः बसायला निघाले तर मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर काढलं. ते रागावले नाहीत, पण चहाही न पिता गेले.

सत्यशीला रोज पोत्यांच्या खालून झाडू मारायची. भोकातून पंचफुलाबाई विचारायच्या, "बसली का वं?" आणि ती म्हणायची, "नाई वं. अजून तूर बसली हाये."

एका सकाळी मी गच्चीवरून खाली आलो तर दोन्ही पोती भिंतीशी उतरवलेली. सत्यशीला बंगईजवळ उभी होती आणि तिच्या हातात जळमटं काढायचा बांबू होता.

"पोते काहून काढले?" मी म्हणालो. "मी म्हटलं ना, दोन दिवस."

ती म्हणाली, "तीस वर्षं तुमी खाली जात होते. मी कधी म्हटलं का, आधी पोतं पाठवून पाहा म्हून?"

मी आधीच सांगितलं आहे, सुचण्याचं खातं आमच्या घरी तिच्याकडे आहे.

तिने बांबू वर केला आणि पहिल्या बोल्टाशेजारी छत ठोकलं. मग दुसऱ्या बोल्टाशेजारी. मान तिरपी करून ऐकलं, अगदी राजकुमार ऐकायचा तसं. हे तिला कोणी शिकवलं, मी विचार करत राहिलो, आणि मग आठवलं की मीच रोज रात्री जेवताना हात हलवून हलवून सांगायचो. मला वाटायचं, ती भाकरीकडे पाहते आहे.

"टण्ण म्हणते," ती म्हणाली. "अन् जो ठोकते, थोच आधी जाते ना तुमच्यात?"

"हो, पण..."

"मंग मी ठोकलं. तुमी बाहेर व्हा."

मी बाहेर झालो. तीस वर्षं ही हाळी ऐकून मी बाहेर झालो आहे, पाय आपोआप निघाले. उंबऱ्याच्या पलीकडे ओट्यावर येऊन उभा राहिलो आणि आत पाहायची हिंमत झाली नाही. साखळी एकदा कुरकुरली. मग काहीच नाही. मग पुन्हा कुरकुरली. आणि तिथे, स्वतःच्याच ओट्यावर उभं राहून, कानात प्राण आणून ऐकताना, मला कळलं की ही बाई पाळीच्या भोंग्यापासून पाळीच्या भोंग्यापर्यंत क्वार्टरच्या दारात असंच उभी राहत होती. मी घरी येऊन चप्पल काढायचो आणि विचारायचो, "भाजी काय?" ती सांगायची. एवढ्या वर्षांत मी दुसरं काही विचारलं नाही.

आतून पंचफुलाबाईंचा आवाज आला, भिंतीतल्या भोकातून. "बसली का वं?"

"बसली," सत्यशीला म्हणाली.

आणि मग मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "या आता. जागा हाये."

मी उंबरा ओलांडून आत गेलो. छताकडे न पाहता आत जायची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ.